मांजरांच्या बंगल्यातला अर्थशास्त्रज्ञ

जिनिव्हाच्या सरोवराकाठी सेलिन्यी नावाचं एक छोटंसं गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या एका बंगल्यात एक दाढीवाले इटालियन गृहस्थ राहत असत. बंगल्याचं नाव ‘व्हिला अंगोरा’. घरभर मुक्त संचार करणाऱ्या अंगोरा मांजरांवरून ते पडलेलं. या गृहस्थांचं नाव विल्फ्रेदो पॅरेटो. बी. ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या कुणालाही हे नाव ऐकून परीक्षेचा हॉल आठवेल. कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलेल्यांना भिंतीवर लावलेला ‘पॅरेटो तक्ता’ आठवेल. मला मात्र त्याचं नाव निघालं, की आमच्या चाळीतला रेशनचा गहू आठवतो. तो का, ते पुढे ओघात येईलच.

पॅरेटोचा जन्म १५ जुलै १८४८ चा, पॅरिसमधला. ते साल युरोपभर क्रांतीचं. वडील राफाएल पॅरेटो जिनोआच्या उमराव घराण्यातले, पण मॅझिनीच्या चळवळीच्या ओढीनं देशाबाहेर पडलेले. सावरकरांच्या १९०७ सालच्या पुस्तकामुळे आपल्याकडे मॅझिनीचं नाव घरोघर पोचलं. त्याच मॅझिनीचा हा अनुयायी. आई फ्रेंच. पोराचं नाव ठेवलं फ्रिट्झ विल्फ्रीड, तेही जर्मनीतल्या उठावाच्या उत्साहात! म्हणजे बाप इटालियन, आई फ्रेंच आणि नाव जर्मन. पुढे हयातीचा शेवटचा काळ गेला स्वित्झर्लंडमध्ये. अशा माणसाला कुठल्याच देशाचा फार लळा लागला नाही, यात नवल ते काय? बापाच्या स्वप्नाळू देशभक्तीचा तर मुलाला पुढे चांगलाच तिटकारा आला.

कुटुंब इटलीला परतल्यावर मुलगा तुरीनला इंजिनिअर झाला. १८७० च्या सुमाराला त्यानं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता घन पदार्थांमधला समतोल. एखाद्या तुळईवर भार आला, की तिच्या आतल्या सगळ्या ताणांचा मेळ कसा बसतो, याचं ते गणित. हा समतोल शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याला माणसांच्या बाजारातही तोच दिसला. त्यानंतरची वीसएक वर्षं त्यानं आधी रेल्वे कंपनीत आणि मग तस्कनीतल्या वाल्दार्नोच्या लोखंडाच्या कारखान्यात काढली. तिथे तो वरच्या पदापर्यंत चढला.

कारखानदार असूनही तो खुल्या व्यापाराचा कडवा पुरस्कर्ता होता. लोखंडाला संरक्षक जकात मिळाली तर पहिला फायदा त्याच्याच कंपनीचा, तरीही तो सरकारच्या जकातींवर तुटून पडे. १८८७ मध्ये इटलीनं जकाती वाढवल्या आणि फ्रान्सशी व्यापारी भांडण ओढवून घेतलं, तेव्हा तर त्याच्या लेखणीला ऊत आला. त्याआधी निवडणुकीला उभं राहून तो सपशेल पडला होता. राजकारणात आपलं काही चालत नाही, हे एकदा कळल्यावर त्यानं राजकारण्यांना कधी माफ केलं नाही.

१८८९ मध्ये त्यानं अलेस्सांद्रिना बाकुनिन या रशियन तरुणीशी लग्न केलं. लवकरच नोकरी सोडली आणि फ्लॉरेन्सजवळच्या फिएसोलेच्या टेकडीवर लेख लिहीत बसला. अर्थशास्त्रज्ञ मफेओ पांतालेओनी याच्याशी मैत्री झाली आणि त्याच्यामार्फत लोझान विद्यापीठातल्या लेओं वालराशी ओळख. वालरानं साऱ्या बाजारपेठेचं एकत्रित गणित मांडलं होतं. तांदळाची किंमत गव्हावर, गव्हाची मजुरीवर, मजुरीची पुन्हा तांदळावर अवलंबून, आणि सगळ्यांचा एकाच वेळी मेळ. इंजिनिअर पॅरेटोला ही भाषा घरचीच. वालरा निवृत्त झाल्यावर १८९३ मध्ये त्याच्या जागी पॅरेटो आला. वय पंचेचाळिशीला टेकलेलं, आणि प्राध्यापकी नव्यानं सुरू!

लोझानला त्यानं पहिलं मोठं काम केलं ते श्रीमंती-गरिबीच्या आकड्यांवर. निरनिराळ्या देशांची आणि शहरांची प्राप्तिकराची कोष्टकं जमवून त्यानं पाहिलं, तर वरच्या थरातली उत्पन्नाची उतरंड सगळीकडे साधारण एकाच तऱ्हेची निघाली. मूठभरांकडे पुष्कळ आणि पुष्कळांकडे मूठभर. याच कामाच्या पुण्याईवर ‘ऐंशी-वीसचा नियम’ आज त्याच्या नावावर खपतो. खरं तर तो नियम त्या रूपात त्यानं कधी मांडला नव्हता. जोसेफ जुरान नावाच्या अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्याला ते बारसं केलं आणि १९७५ मध्ये आपण हे नाव चुकीचं दिलं, अशी लेखी कबुलीही देऊन टाकली. तोवर तक्ते भिंतींवर चढले होते.

त्याच्या खऱ्या कामाकडे जायचं तर मला आमच्या चाळीत जावं लागेल. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेचे दिवस. रेशनच्या दुकानापुढे पिशव्यांची रांग, आणि कार्डावर मिळेल ते धान्य मुकाट्यानं आणायचं. आम्ही सोलापूरकडचे. घरात पोळी-भाकरीशिवाय कुणाचं पोट भरत नसे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे भात नसेल तर जेवण झालं असं कुणी म्हणत नसे. रेशनवाल्याला याच्याशी काय कर्तव्य? दोन्ही घरांत माणसं तितकीच, म्हणून गहूही तितकाच आणि तांदूळही तितकाच. मग रेशन आलं की संध्याकाळी आई तांदळाचा डबा घेऊन शेजारी जायची आणि गहू घेऊन परतायची. पैशाचा व्यवहार नाही, तागडी नाही, एक वाटी तेवढी मापाला. दोघीही खूश. धान्याचा एक दाणा वाढलेला नाही, पण दोन्ही घरांचं सुख मात्र वाढलेलं. हे कसं?

पॅरेटोनं याचं चित्र काढलं. समजा, प्रत्येक घराला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मिळाला. दोन्ही मिळून वीस आणि वीस. कागदावर एक चौकट आखा. आडवी बाजू वीस किलो गव्हाची, उभी बाजू वीस किलो तांदळाची. डावीकडचा खालचा कोपरा आमच्या स्वयंपाकघराचा आणि त्याच्या समोरचा, उजवीकडचा वरचा, काकूंचा. आता चौकटीत कुठेही बोट ठेवा, ती एक वाटणी झाली. आमच्या कोपऱ्यापासून मोजलं की आमचा वाटा कळतो आणि जे उरलं ते आपोआप काकूंचं. रेशनवाल्यानं दिलेली वाटणी म्हणजे बरोब्बर मधला ठिपका. साधीच युक्ती, पण दोन घरं आणि दोन धान्यं, म्हणजे चार आकडे, एका ठिपक्यात मावले.

आता मधल्या ठिपक्यावर आई आणि काकू उभ्या आहेत असं धरू. एक किलो जादा गहू मिळणार असेल तर आई दोन किलो तांदूळसुद्धा सोडायला तयार. काकूंना एक किलो गहू देऊन अर्धा किलो तांदूळ मिळाला तरी चालण्यासारखं. म्हणजे एका किलो गव्हाला अर्धा ते दोन किलो तांदूळ, यांतला कुठलाही दर ठरला तरी दोघींचा फायदाच. त्या दोघी आपल्या वाटीला वाटी देत. ही देवघेव कुठवर चालेल? आईचा गव्हाचा डबा भरत आला, की तिला पुढच्या किलोची तेवढी मातब्बरी राहणार नाही. काकूंच्या घरातला गहू कमी होत गेला, की मुलांच्या डब्यातल्या पोळीसाठी उरलेला गहू त्यांना मोलाचा वाटू लागेल. असं होता होता दोघींच्या मनातले दर एकमेकींना येऊन भिडतात, आणि तिथे वाटी थांबते. पाठ्यपुस्तकात ज्यांना समवृत्ती वक्र म्हणतात त्या दोन रेषा इथे एकमेकींना नुसत्या स्पर्श करतात.

तो बिंदू आला, की एका घराला आणखी सुखी करायचं तर दुसऱ्याच्या ताटातलं काढण्यावाचून गत्यंतर नाही. याच स्थितीला पुढे पॅरेटोचं नाव पडलं. मराठी क्रमिक पुस्तकांत ती ‘पॅरेटोची पर्याप्तता’ म्हणून भेटते. जोवर कुणाचंही नुकसान न करता निदान एकाचा तरी फायदा करणं शक्य आहे, तोवर वाटणीत ढिलाई आहे. ती शक्यता संपली की ढिलाई संपली.

यातली मेख अशी, की पॅरेटोनं सुख मोजलंच नाही. त्याच्या आधीच्या पिढीतल्या अर्थशास्त्रज्ञांना सुख तापासारखं मोजता येईल अशी आशा होती. ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकी केलेला फ्रान्सिस एजवर्थ हा त्यांतलाच. आयर्लंडमधल्या जमीनदार घराण्यातला हा अविवाहित, संकोची विद्वान. १८८१ मध्ये त्यानं रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे यांच्यातल्या मजुरीच्या सौद्यावरून जवळजवळ हेच गणित मांडलं होतं, आणि दोघांना मान्य होऊ शकणाऱ्या सौद्यांची रेषाही काढली होती. रेषांची कल्पना पॅरेटोनं त्याच्याकडून उचलली, पण तिचा पाया बदलला. आईला पोळीत किती आनंद आणि काकूंना भातात किती, हे एका तागडीत घालता येणार नाही. त्याची गरजही नाही. दोन ताटं समोर ठेवल्यावर कुठलं अधिक आवडेल, एवढं ज्याचं त्यानं सांगितलं की पुरे. ‘उपयोग’ या शब्दावरही त्याचा राग. कडू काढा उपयोगी असतो, पण तो हवासा वाटत नाही. दारूचं नेमकं उलटं. म्हणून हवेसेपणासाठी त्यानं ग्रीकवरून ‘ओफेलिमिटी’ असा नवाच शब्द घडवला. तो फारसा चालला नाही, ते बरंच झालं.

१९०६ मध्ये इटालियनमध्ये आणि १९०९ मध्ये फ्रेंचमध्ये निघालेल्या त्याच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात ही चौकट आणि ही रेषा आली. त्याच ग्रंथात एक झकास हिशेब आहे. नुसती शंभर माणसं आणि सातशे वस्तू घेतल्या, तरी सगळ्यांच्या देवघेवीचा मेळ घालायला ७०,६९९ समीकरणं सोडवावी लागतील. कोट्यवधींच्या देशाचं काय? कागदावर ते कुणाच्यानं होणार नाही, बाजारात मात्र ते रोज होतं, असा त्याचा मुद्दा. आणखी विशेष म्हणजे समाजवादी सरकारलाही वाटणीतली ढिलाई काढायची असेल तर हीच समीकरणं सोडवावी लागतील, हेही त्यानंच दाखवलं. एन्रिको बारोने यानं १९०८ मध्ये ते पुढे नेलं, आणि पुढच्या समाजवादी नियोजनकारांना हे हत्यार खुल्या बाजाराच्या या भक्ताकडूनच मिळालं.

आता त्या चौकटीतली बोचणारी गोष्ट. ढिलाई नसलेला बिंदू एकच नाही. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाणारी सबंध रेषा आहे. त्या रेषेचं एक टोक म्हणजे चाळीस किलो धान्य एकट्या आमच्याकडे आणि काकूंचे डबे रिकामे. पॅरेटोच्या कसोटीला तीही वाटणी उत्तीर्ण! कारण काकूंना मूठभर द्यायचं तर आमच्यातलं काढावं लागणार, म्हणजे कुणाचं तरी नुकसान होणार. वाटीला वाटी देत आई आणि काकू रेषेवर कुठे पोचतील हे बव्हंशी त्या कुठल्या ठिपक्यावरून निघाल्या त्यावर ठरतं. तो ठिपका रेशनवाल्यानं ठरवलेला. समाजात तो इतिहास, वारसा, कायदा आणि दांडगाई यांनी ठरतो. चौकट त्याबद्दल मौन पाळते. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात या मौनावरच बोट ठेवलं. काही लोक ऐषारामात आणि काही उपाशी, तरीही समाज पॅरेटोच्या अर्थानं पर्याप्त असू शकतो, ही त्यांची तक्रार.

पॅरेटोला हे ठाऊक नव्हतं का? चांगलंच ठाऊक होतं. जिथे एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा होतो तिथे अर्थशास्त्राचं काम संपतं, पुढचा निवाडा नीती आणि समाज करतील, असं तो म्हणे. १९१३ मध्ये त्यानं त्यावर स्वतंत्र लेखही लिहिला. मला स्वतःला ही भूमिका प्रामाणिक वाटते. त्यानं फुटपट्टी बनवली आणि ती काय मोजत नाही तेही सांगितलं. तक्रार करायची तर त्याच्या नंतरच्यांची करावी. खतावरचं अनुदान काढताना नाहीतर गिरणीची जमीन विकताना ‘कार्यक्षम’ हा एकच शब्द वापरून ज्यांनी पहिल्या ठिपक्याची चर्चाच बंद पाडली, ती मंडळी यात अधिक दोषी.

माणूस म्हणून तो कोरडा होता, हा समज मात्र फसवा आहे. १८९८ मध्ये मिलानमध्ये भाकरीच्या महागाईवरून लोक रस्त्यावर उतरले आणि लष्करानं त्यांच्यावर तोफा डागल्या. पकडापकडी सुरू झाली, तेव्हा स्वित्झर्लंडला पळून आलेल्या इटालियन समाजवाद्यांना पॅरेटोनं आपल्या घरात आसरा दिला. ज्यांच्या मतांची तो लेखांत सालं काढत होता, तेच त्याच्या टेबलाशी जेवत होते. त्याच वर्षी काकांची मोठी इस्टेट त्याच्याकडे आली. चौकटीतला त्याचा स्वतःचा ठिपका असा एका मृत्युपत्रानं सरकला, आणि त्या पैशावर तो सेलिन्यीला बंगला करून राहिला.

एक आख्यायिकाही त्याच्याबद्दल सांगतात. अर्थशास्त्रात नियम वगैरे काही नसतात, असं म्हणणारा जर्मन प्राध्यापक श्मोलर जिनिव्हाच्या एका परिषदेला आला होता. पॅरेटो फाटक्या कपड्यांत भिकाऱ्यासारखा त्याच्यापुढे गेला आणि फुकट जेवण कुठे मिळेल, अशी चौकशी केली. फुकट कुठेच मिळत नाही, स्वस्त मिळेल, असं उत्तर आलं. मग अर्थशास्त्राला नियम आहेत म्हणायचे, असं सांगून स्वारी हसत निघून गेली. खरंखोटं देव जाणे, पण स्वभावाला शोभणारी गोष्ट आहे.

सेलिन्यीच्या घरात सुख फार टिकलं नाही. १९०१ मध्ये तो पॅरिसला गेलेला असताना अलेस्सांद्रिना घरातल्या स्वयंपाक्याबरोबर निघून गेली. इटलीच्या कायद्यात घटस्फोट नव्हता. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळ्या वाटा धरलेल्या, पण कागदावरची गाठ सुटेना. जीन रेगिस नावाची फ्रेंच स्त्री त्याच्या आयुष्यात आली, तिच्याशी त्याला लग्न करता येईना. ज्यानं कुणाचंच नुकसान न होता निदान दोघांचं भलं झालं असतं असा बदल, आणि तो वीसेक वर्षं कायद्याच्या दारात अडकून पडलेला. पॅरेटोच्या व्याख्येला याहून चपखल उदाहरण त्याच्या ग्रंथांतही सापडायचं नाही!

या काळात त्याचा बाजारावरचा विश्वास उरला, पण माणसांवरचा उडाला. माणसं हिशेबानं वागत नाहीत, भावनेनं वागतात आणि मागाहून हिशेब जुळवतात, या विचारानं त्याला घेरलं. त्यातून १९१६ मध्ये समाजशास्त्राचा प्रचंड ग्रंथ निघाला, २,६१२ परिच्छेदांचा. सत्तेवरचे गट येतात, सडतात, नवे त्यांची जागा घेतात, हे त्याचं सूत्र. ग्रंथ रूक्ष आहे, मध्येच टोमणे आहेत, आणि लोकशाहीबद्दलचा तुच्छभाव पानोपानी. मला तो पॅरेटो आवडत नाही.

आणि शेवटी फॅसिस्ट आले. तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये असताना मुसोलिनी त्याच्या व्याख्यानांना बसला होता, असं सांगितलं जातं. १९२२ च्या ऑक्टोबरात तो सत्तेवर आला, तेव्हा म्हाताऱ्या पॅरेटोनं त्याचं स्वागत केलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला इटलीच्या सिनेटचं सदस्यत्व देऊ करण्यात आलं. लगोलग त्यानं वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य राखा, संसद मोडू नका, असा लेखी सल्लाही दिला. तो कुणी ऐकला नाही. पुढचं सगळं पाहायला तो उरला नाही. उरला असता तर काय म्हणाला असता, यावर विद्वान अजून भांडतात.

घटस्फोटाची गाठ सुटली ती मात्र याच सुमाराला. आज क्रोएशियात असलेलं फिउमे हे बंदर पहिल्या महायुद्धानंतर काही काळ स्वतंत्र राज्य होतं, आणि तिथल्या कायद्यात घटस्फोटाला वाव होता. पॅरेटोनं त्या राज्याचं नागरिकत्व घेतलं. १९२३ च्या उन्हाळ्यात जीन रेगिसशी त्याचं रीतसर लग्न झालं. वय पंचाहत्तरीचं, हृदयविकार बळावलेला. १९ ऑगस्टला तो गेला. सेलिन्यीच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, आर्थर बाउली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या पुस्तकातून ती चौकट इंग्रजी वाचकांपुढे आली. एजवर्थ तेव्हा हयात होता, तो १९२६ मध्ये वारला. वाटणीतली ढिलाई संपते त्या स्थितीला नाव राहिलं पॅरेटोचं. ऐंशी-वीसचा नियम त्यानं न मांडता त्याच्या पदरात पडला. आणि जी चौकट त्यानं काढली, ती आज जगभरच्या क्रमिक पुस्तकांत ‘एजवर्थची चौकट’ नाहीतर ‘एजवर्थ-बाउली चौकट’ म्हणून छापली जाते.